पडद्यावर गुळगुळीत, यंत्रात धक्का : कॅम एडिटरची एक समीक्षा

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. फळ्यावर काढलेल्या आकृत्यांच्या जागी त्यातले आकडे मजकुरात घेतले आहेत.)



आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, सिनेमाची तर सगळेच करतात. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून कोणीतरी एखाद्या यंत्राची हालचाल ठरवतो, त्याची समीक्षा कुणी करत नाही. त्याचं ब्रोशर येतं, मॅन्युअल येतं, ट्रेनिंग होतं. फार तर विकत घेताना दोन कंपन्यांच्या फीचर्सचा तक्ता होतो. हे साधन आपल्याला विचार कसा करायला लावतं, काय समोर ठेवतं आणि काय झाकतं, हा प्रश्न राहूनच जातो. आज तो प्रश्न एका छोट्या खिडकीपुरता विचारायचा आहे. मोशन कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅम एडिटर’ नावाची एक खिडकी असते, ती आपली आजची कलाकृती.

माझा मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला तपासत तपासत ऐकता येईल. कॅम एडिटर बहुतेक ठिकाणी चित्र काढायचं साधन म्हणून घडवलेला आहे. कॅम ठरवणं हे मात्र अटी ठरवण्याचं काम आहे. चित्र सुंदर दिसलं की डोळा समाधानी होतो, आणि ज्या अटी आपण घातल्याच नाहीत त्या सॉफ्टवेअर स्वतःच भरून टाकतं. गुपचूप भरतं. माझी तक्रार त्या गुपचूपपणाबद्दल आहे.

सभागृहात सगळेच मेकॅनिकलवाले नाहीत, म्हणून कॅम म्हणजे काय ते आधी बघू. इचलकरंजीत किंवा मालेगावात साधा यंत्रमाग पाहिला असेल तर त्यात टॅपेट असतो. टॅपेट म्हणजे कॅमच. तो फिरतो, ताण्याचे काही धागे वर जातात, काही खाली येतात आणि मधे वाट तयार होते. त्या वाटेतून धोटा पार होईपर्यंत धागे तसेच उघडे राहिले पाहिजेत. हे ‘थांबून राहणं’ म्हणजे ड्वेल. मग पुन्हा हालचाल, पुन्हा ड्वेल. गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही तेच करतो. एक गोष्ट एकसारखी फिरते, दुसरी तिच्या तालावर हवी तशी हलते. पहिलीला मास्टर म्हणू, दुसरीला स्लेव्ह. सॉफ्टवेअरमध्ये अजून हेच शब्द सर्रास भेटतात.

जुना कॅम लोखंडाचा होता. तो बदलायचा म्हणजे नवा कापायचा, कडक करायचा, घासायचा, बसवायचा. दिवस जायचे, पैसे जायचे. आजच्या पॅकिंग मशीनमध्ये बऱ्याच ठिकाणी तो लोखंडी तुकडा राहिलेला नाही. तिथे सर्वो मोटर आहे आणि कंट्रोलरच्या मेमरीत एक तक्ता आहे : मास्टर इतक्या अंशावर असेल तर स्लेव्हने इतक्या मिलिमीटरवर असावं. याला इलेक्ट्रॉनिक कॅम म्हणतात. दुपारी कॅम बदलला, संध्याकाळी मशीन चालू. ही सोय खरी आहे, मोठी आहे, आणि मी तिच्याविरुद्ध बोलायला उभा नाही. पण लोखंडाच्या काळात बदल महाग होता, म्हणून बदलाआधी माणूस विचार करायचा. आता बदल फुकट आहे, तर विचाराची जागा साधनात कुठे आहे, एवढंच बघू.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

एकच उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. एक मशीन मिनिटाला १२० पाकिटं काढतं. म्हणजे एका पाकिटाला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात मास्टर ३६० अंश फिरतो. स्लेव्हने त्यातल्या १२० अंशांत १५० मिलिमीटर पुढे जायचं आणि मग थांबायचं. १२० अंश म्हणजे एक षष्ठांश सेकंद, साधारण १६७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात एवढं अंतर सरकायचं, आणि दोन्ही टोकांना शांत उभं राहायचं.

एडिटरमध्ये हे कसं दिसतं? आडव्या अक्षावर मास्टरचे अंश, उभ्या अक्षावर स्लेव्हची पोझिशन. शून्यापासून निघून १५० ला पोचणारा, इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र. आता हा एस अनेक प्रकारे काढता येतो. तिसऱ्या घाताची बहुपदी घ्या, पाचव्या घाताची घ्या, सायक्लॉइडल घ्या. सगळे एसच.

पाचव्या घाताची बहुपदी आणि सायक्लॉइडल यांच्यात प्रवासाच्या पाव वेळेला पोझिशनचा फरक १५० मिलिमीटरमध्ये जेमतेम २ मिलिमीटरचा असतो. पडद्यावर तो रेघेच्या जाडीत हरवतो. तिसऱ्या घाताचा वक्र जरा वेगळा दिसतो, पण तोही गुळगुळीत. शेजारी ठेवल्याशिवाय नवख्या माणसाला ओळखू यायचा नाही.

आता त्वरण बघा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन. आपल्या उदाहरणात पाचव्या घाताच्या बहुपदीचं कमाल त्वरण ३१.२ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीहून थोडं जास्त. तिसऱ्या घाताचं ३२.४ येतं. आकडे जवळजवळ सारखे! कोणी नुसता कमाल आकडा विचारला तर म्हणेल, काय फरक पडतो? फरक असा आहे की पाचव्या घाताचं त्वरण शून्यापासून चढत जातं आणि शेवटी पुन्हा शून्यावर उतरतं. तिसऱ्या घाताचं त्वरण पहिल्याच क्षणी पूर्ण ३२.४ असतं. शांत उभ्या असलेल्या वस्तूला एकदम तिप्पट वजनाचा धक्का, आणि शेवटी थांबताना उलट दिशेने तेवढाच. त्वरण बदलण्याच्या दराला जर्क म्हणतात. तिसऱ्या घाताच्या वक्रात दोन्ही टोकांना जर्क कागदावर अनंत असतो. प्रत्यक्षात अनंत काही होत नसतं, मग होतं काय? कपलिंग पिळतं, बेल्ट ताणला जातो, गिअरमधली फट एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटते, आणि ड्वेलमध्ये जिथे शांत उभं राहायचं तिथे यंत्र थरथरतं.

पडद्यावर दोन्ही वक्र गुळगुळीत. यंत्रात एक शांत, दुसरा ठोकतो. ज्या साधनात पोझिशनचा आलेख सर्वांत मोठा आणि बाकीचे खाली बारीक किंवा बंद टॅबमध्ये असतात, ते साधन माणसाला चुकीच्या ठिकाणी बघायला शिकवतं. डोळ्याला पोझिशन दिसते, लोखंडाला त्वरण जाणवतं.

(श्रोत्यांतून : म्हणजे पोझिशन दाखवायचीच नाही का?)

दाखवायची की. टक्कर होते का, ड्वेल पुरेसा आहे का, हे पोझिशनवरूनच कळतं. पण घराच्या नकाशात दिवाणखाना दाखवला म्हणून पाया दाखवायचा नाही, असं कसं चालेल?

रिकामा रकाना आणि शून्य

आता समीक्षेचा मुख्य भाग. साधन आपल्याला काय विचारतं, यावरून त्याचा स्वभाव कळतो. प्रत्यक्षातली काही साधनं घेऊ.

कोडेसिसच्या सॉफ्टमोशनमध्ये कॅमचा बिंदू चार आकड्यांनी सांगता येतो : मास्टरची जागा, स्लेव्हची जागा, वेग आणि त्वरण. दोन बिंदूंमधून पाचव्या घाताची बहुपदी जाते. दोन्ही टोकांच्या मिळून सहा अटी आणि बहुपदीचे सहा सहगुणक, हिशेब चोख बसतो. ही रचना मला प्रामाणिक वाटते, कारण ती तुम्हाला विचारते की या बिंदूवरून जाताना वेग किती हवा आणि त्वरण किती हवं.

रॉकवेलच्या लॉजिक्स कुटुंबातला पोझिशन कॅम मुख्यतः जागांच्या जोड्या मागतो, आणि मधला तुकडा सरळ रेषेचा की तिसऱ्या घाताचा एवढंच निवडायला सांगतो. सीमेन्सच्या सिमोशनमध्ये बिंदू देऊन त्यातून वक्र कसा न्यायचा ते निवडता येतं : रेषीय, बिंदूंमधून जाणारा स्प्लाइन, किंवा बिंदूंच्या जवळून जाणारा बेझिए. शेवटच्या प्रकारात तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर वक्र पोचेलच असं नाही. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण तक्त्यात ‘८० अंश, ६२ मिलिमीटर’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना स्लेव्ह तिथे जात नाही, हे वाचणाऱ्याला तक्ता स्वतःहून सांगत नाही.

तिसऱ्या घाताच्या स्प्लाइनची गंमत सांगतो. टोकांना उतार काय हवा हे सांगितलं नाही, तर गणिताच्या प्रथेप्रमाणे टोकाला वक्रता शून्य धरतात. याला नॅचरल स्प्लाइन म्हणतात. आता तुम्ही फक्त दोनच बिंदू दिले, आरंभ आणि शेवट, तर नॅचरल स्प्लाइन काय काढेल? सरळ रेघ! नाव क्यूबिक, निघाली रेघ. म्हणजे पहिल्या क्षणाला वेग शून्यावरून एकदम सेकंदाला ०.९ मीटर. आणि ड्वेलच्या दोन टोकांना दोन बिंदू ठेवले, दोन्हींची उंची सारखी, आणि शेजारून चढ येत असेल, तर ड्वेलच्या मधे वक्र जरासा फुगतो. ज्या वेळी स्लेव्हने हलायचंच नाही त्या वेळी तो थोडा पुढे जाऊन मागे येतो. पडद्यावर अर्धा मिलिमीटर कुणाला दिसतोय? सील करणाऱ्या जॉला दिसतो, पाकीट तिरकं होतं.

चार आकडे मागणारी रचना चांगली म्हटलं, पण तिथेही एक सापळा आहे. समजा आपल्या १५० मिलिमीटरच्या प्रवासात कुणीतरी मधे एक बिंदू टाकला, ६० अंशांवर ७५ मिलिमीटर. वक्र तसाही तिथूनच जात होता. हेतू एवढाच की ‘इथून नक्की गेला पाहिजे’. वेग आणि त्वरणाचे रकाने शून्यावरच राहिले. आता हे शून्य म्हणजे काय? माणसाच्या मनात त्याचा अर्थ ‘मी काही ठरवलेलं नाही’ असा आहे. सॉफ्टवेअरसाठी त्याचा अर्थ ‘इथे थांब’ असा आहे. स्लेव्ह अर्ध्या वाटेत उभा राहतो आणि पुन्हा निघतो. अंतर निम्मं झालं, वेळही निम्मा झाला. त्वरण वेळेच्या वर्गाने बदलतं, म्हणून ते दुप्पट होतं : ३१.२ च्या जागी ६२.४. आणि पडद्यावर? एसच्या पोटात एक लहानशी पायरी.

‘न ठरवलेलं’ आणि ‘शून्य ठरवलेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. किराणा दुकानाच्या वहीत नावापुढे रक्कम लिहायची राहिली, याचा अर्थ उधारी शून्य असा कुठला दुकानदार घेतो? पण साधनात रिकामा रकाना ठेवायची सोयच नसेल, तर माणसाचं मौन हा त्याचा आदेश धरला जातो.

अंशांच्या अक्षावर हरवलेला वेळ

दुसरा आक्षेप. कॅमचा आडवा अक्ष अंशांचा असतो. हे बरोबरच आहे, कारण कॅमचा सगळा मुद्दा मास्टरशी ताल ठेवण्याचा आहे. पण यंत्रातली माती, लोखंड, रबर हे अंशात जगत नाहीत, सेकंदात जगतात. एडिटर त्वरण दाखवतो तेव्हा ते अनेकदा ‘मिलिमीटर प्रति अंश वर्ग’ असं असतं. हा आकडा वाचून कुणाच्या पोटात गोळा येईल?

आता मालक म्हणतो, मागणी वाढली, १२० ची १६० पाकिटं करा. स्क्रीनवर वेग वाढवला. कॅमला हात लावला नाही, एडिटरमधलं चित्र केसाइतकंही बदललं नाही. वेग एक-तृतीयांशाने वाढला, त्वरण १.७८ पट झालं, जर्क २.३७ पट. पुढे कुणीतरी म्हणालं, आता २०० मिलिमीटरचं मोठं पाकीट घ्या. त्यासाठीही सोय आहे. पीएलसीओपन नावाचं जे मानक आहे, त्यातल्या एमसी कॅमइन या फंक्शन ब्लॉकला स्लेव्ह स्केलिंग असा इनपुट असतो. तिथे १.३३ लिहिलं की झालं. दोन्ही मिळून आपलं ३१.२ चं त्वरण ७४ च्या घरात पोचतं. सरकणारा भाग ८ किलोचा धरा : २५० न्यूटनचा जोर ५९० पर्यंत गेला. आणि कॅमची फाइल तीच, तारीख तीच, नाव तेच.

पीएलसीओपनबद्दल इथेच बोलून घेतो. या मानकाने वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एकाच प्रकारे बोलावता येतील अशी सोय केली, हे मोठं काम आहे. कॅम निवडायचा कसा, जोडायचा कसा, सोडायचा कसा, हे त्याने ठरवलं. पण कॅमच्या आत काय असावं हे त्याने ठरवलेलं नाही. कॅमचा तो जो संदर्भ असतो, त्याची आतली रचना प्रत्येक उत्पादकावर सोडली आहे. परिणाम असा की प्रोग्राम एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे बऱ्यापैकी नेता येतो, कॅम मात्र बिंदूंचा तक्ता करून न्यावा लागतो.

आणि तक्ता करून नेताना काय होतं तेही बघा. ३६० बिंदूंचा तक्ता काढला, एक्सेलमध्ये घेतला, पोझिशन दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवली. ०.०१ मिलिमीटर म्हणजे भरपूर अचूक, असं कुणालाही वाटेल. आपल्या मशीनवर एका अंशाला १.३९ मिलिसेकंद मिळतात. लागोपाठच्या तीन बिंदूंवरून त्वरण काढलं, तर केवळ आकडे जवळच्या शतांशाला नेल्यामुळे त्यात जास्तीत जास्त १० मीटर प्रति सेकंद वर्गाची चूक येऊ शकते. मूळ कमाल ३१ असताना १० चा खरखराट! मोटर गुरगुरते, तापते, आणि सगळे ट्यूनिंगमध्ये दोष शोधत बसतात.

चांगलं काय आहे

नुसते दोष काढले तर ती समीक्षा एकांगी होईल. या क्षेत्रात एक उत्तम मजकूर उपलब्ध आहे आणि त्याचं नाव घेतलंच पाहिजे. जर्मन अभियंत्यांच्या व्हीडीआय या संस्थेची २१४३ क्रमांकाची मार्गदर्शिका. तिचा पहिला भाग १९८० चा, दुसरा १९८७ चा. म्हणजे ती लोखंडी कॅमच्या काळात लिहिली गेली, आणि इलेक्ट्रॉनिक कॅमच्या काळात तिचा उपयोग वाढला.

तिची मला आवडलेली गोष्ट अशी की ती वक्रापासून सुरू होत नाही. ती आधी विचारते की हालचालीच्या टोकाला काय चाललंय? चार उत्तरं शक्य आहेत. स्थिर उभं आहे. ठरलेल्या वेगाने चाललंय, त्वरण नाही. उलटं फिरतंय, म्हणजे वेग शून्य पण त्वरण आहे. किंवा वेगही आहे आणि त्वरणही आहे. आरंभाला चार, शेवटाला चार, एकूण सोळा जोड्या. आधी आपली जोडी ओळखा, मग तिला शोभणारा नियम निवडा. हे व्याकरण आहे. बेकहॉफच्या ट्विनकॅटमधल्या कॅम डिझाइन टूलसारख्या साधनांनी ते उचललं, हे चांगलं झालं.

पण व्याकरण उचलताना बऱ्याचदा त्यातले शब्द तेवढे येतात, वाक्यरचना मागे राहते. खाली उघडणारी एक यादी येते : सायक्लॉइडल, मॉडिफाइड साइन, मॉडिफाइड ट्रॅपेझॉइड, पाचव्या घाताची बहुपदी. निवडा एक. कशावरून निवडायचं ते यादी सांगत नाही.

आकडे सांगतो. सरासरी वेगाच्या तुलनेत कमाल वेग किती पट : सायक्लॉइडल २, पाचवा घात १.८८, मॉडिफाइड साइन १.७६, मॉडिफाइड ट्रॅपेझॉइड २. त्वरणाचा गुणांक त्याच क्रमाने ६.२८, ५.७७, ५.५३ आणि ४.८९. मग ट्रॅपेझॉइड सर्वांत चांगला? त्वरणापुरता हो. पण मोटरने ओतायची कमाल शक्ती वेग आणि त्वरण यांच्या त्याच क्षणीच्या गुणाकारावर ठरते. तो गुणाकार सायक्लॉइडलसाठी ८.१६ आहे, पाचव्या घातासाठी ६.६९, मॉडिफाइड साइनसाठी सुमारे ५.५. म्हणून जड डिस्क फिरवायची असेल तर मॉडिफाइड साइन बरा पडतो. उलट जर्क बघितला तर सायक्लॉइडल सर्वांत सौम्य. तो ३९.५, पाचवा घात ६०, मॉडिफाइड साइन ६९ च्या वर. प्रत्येक नियम कुणाचं तरी भलं करतो आणि कुणाच्या तरी खात्यात खर्च टाकतो. ही निवड आहे. ती निवडीसारखी दिसली पाहिजे, फॉन्ट निवडल्यासारखी नाही.

आपल्याकडे डिप्लोमाला आणि इंजिनिअरिंगला ‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये कॅम शिकवतात. समान वेग, सरल आवर्त गती, समान त्वरण आणि मंदन, सायक्लॉइडल. ड्रॉइंग शीटवर विस्थापनाचा आलेख काढायचा, मग बाहेरची रेघ काढायची, मार्क घ्यायचे. समान त्वरणाच्या नियमात कमाल त्वरण सर्वांत कमी, फक्त ४ पट. म्हणून पोरांना तो आकर्षक वाटतो, आणि टोकाला त्यात काय धक्का बसतो ते शीटवर कुठेच उमटत नाही. म्हणजे चित्र बघून खूश व्हायची सवय सॉफ्टवेअरने लावलेली नाही. सॉफ्टवेअरने ती आयती घेतली आणि गुळगुळीत केली.

‘सर्वो सांभाळून घेईल’

यावर नेहमी येणारा बचाव असा की अहो, ड्राइव्हमध्ये फिल्टर आहेत, जर्क लिमिट आहे, आजकालचे सर्वो सांभाळून घेतात.

थोडं खरं आहे. मिनिटाला २० पाकिटं काढणाऱ्या मशीनवर यातलं बहुतेक सगळं चालून जातं, आणि तिथे उगाच सातव्या घाताची बहुपदी लावण्यात अर्थ नाही. पण जिथे चालत नाही तिथे सर्वो काय ‘सांभाळतो’? कॅमने मागितलेलं त्वरण मोटरच्या टॉर्कबाहेर गेलं की स्लेव्ह मागे पडतो. मागे पडण्याची मर्यादा ओलांडली की फॉलोइंग एररचा अलार्म येतो. मग कुणीतरी ती मर्यादा वाढवतं. अलार्म बंद, मशीन चालू. फिल्टर लावला तर कोपरे गोल होतात, पण हालचाल उशिरा होते, आणि मग जॉ आणि पाकीट यांचा ताल जुळवायला ऑफसेट द्यावा लागतो, जो वेगाबरोबर पुन्हा बदलतो. म्हणजे कॅममध्ये न घेतलेला निर्णय तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या माणसांनी, तुकड्या-तुकड्यात घेतला.

आणि किंमत कोण देतं? पुण्याच्या आसपास भोसरी-चाकणला लहान लहान मशीन बनवणारे पुष्कळ आहेत. चार-पाच जणांची टीम, त्यात एकच मुलगा किंवा मुलगी पीएलसी, ड्राइव्ह, स्क्रीन, कॅम सगळं बघते. तिला कॅमवर द्यायला एक दुपार मिळते. मशीन गिऱ्हाइकाकडे जातं. सहा महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागलं की फिटरला बोलावतात. तो बेअरिंग बदलतो, कपलिंग बदलतो, बोल्ट आवळतो. त्याच्या हातात लोखंड आहे, कारण मेमरीत आहे. लोखंडी कॅम झिजला तर निदान बोट फिरवून कळायचं. तक्ता झिजत नाही, म्हणून त्याच्यावर संशयही जात नाही. त्या फिटरचं कौशल्य कमी नाही. त्याला जिथे बघायला हवं, ती खिडकी त्याच्यासाठी उघडीच नाही.

म्हणून मला हा विषय केवळ इंटरफेसच्या सौंदर्याचा वाटत नाही. निर्णय एकाने न घेता घेतला गेला, आणि त्याचा त्रास दुसऱ्याला झाला, असा हा प्रकार आहे.

मागणं काय

समीक्षकाने शेवटी काय हवं तेही सांगावं. चार गोष्टी.

एक, कॅम उघडताच मशीनचा कमाल वेग विचारा, आणि त्वरण सेकंदाच्या एककात, पोझिशनइतक्याच मोठ्या आलेखात दाखवा. वेग किंवा स्केलिंग बदललं की तो आलेख बदलला पाहिजे.

दोन, रिकाम्या रकान्याला रिकामं राहू द्या. सॉफ्टवेअरने आकडा भरला असेल तर तो वेगळ्या रंगात दिसू द्या, म्हणजे कुठला आकडा माणसाचा आणि कुठला यंत्राचा हे कळेल.

तीन, बिंदू मागण्याआधी टोकाची अवस्था विचारा. उभं आहे, चाललंय, की वळतंय? १९८० मध्ये कागदावर विचारलेला प्रश्न आज पडद्यावर विचारायला अवघड नसावा.

चार, प्रत्येक तुकड्याशेजारी एक ओळ लिहायला जागा द्या : हा नियम का निवडला. ‘जॉ बंद असताना हलू नये’, ‘डिस्क जड आहे’, ‘गिऱ्हाइकाने १६० मागितले’. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे चार शब्द फुकट आहेत. पाच वर्षांनी तो कॅम उघडणाऱ्या माणसासाठी तेच सर्वांत मोलाचे ठरतील.

आणि जोपर्यंत साधनं हे करत नाहीत, तोपर्यंत पहिल्या तीन गोष्टींचा हिशेब आपण वहीत करू शकतो. अंतर घ्या, वेळेच्या वर्गाने भागा, नियमाच्या गुणांकाने गुणा. चौथीला पेन पुरेल.

(श्रोत्यांतून : आता एआय कॅम काढून देईल, मग या सगळ्याची गरज राहील का?)

काढून देईल, आणि कदाचित फार चांगला देईल. पण त्यालाही कुणीतरी सांगावं लागेल की काय वाचवायचंय : वेळ, मोटर, पाकीट की बेअरिंग. चारही एकदम वाचत नाहीत, हे मघाच्या आकड्यांत आपण पाहिलं. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर उत्तर कितीही हुशार असलं तरी रकाना पुन्हा शून्यानेच भरला जाईल. म्हणून आज घरी गेल्यावर, ज्यांच्याकडे चालू मशीनचा कॅम आहे त्यांनी एकदा त्वरणाचा टॅब उघडून बघा. पोझिशनचा नको, तो तुम्ही पाहिलेलाच आहे.